एकोणीस पातेली आणि एक भांडे

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, तह आणि वंशावळी आठवतात. आज मी आपल्याला रात्रीच्या एका जेवणाचा इतिहास सांगणार आहे.

कचेरीतून सात वाजता घरी पोचलेली एखादी गृहिणी, मग ती शिकागोची असो की अलीकडे आपल्या इंदूर-बडोद्याची, एक पसरट, खोलगट भांडे घेते. त्यात कच्ची मॅकरोनी, टोमॅटोचा रस, उकळते पाणी, मीठ आणि थोडे तेल घालते, वर घट्ट झाकण बसवते आणि भांडे ओव्हनमध्ये सरकवते. पाऊण तासाने वरून चीज वितळलेले, कडेने खरपूस झालेले जेवण टेबलावर येते. मॅकरोनी निराळी उकडणे नाही, गाळणे नाही, रश्श्यासाठी दुसरे पातेले नाही. कामाच्या दिवशी याहून सोयीचे काय असणार? परंतु ही सोय घडायला कित्येक शतके लागली, आणि मधल्या काळात तिच्यासाठी कोण राबले हे पाहण्याजोगे आहे.

प्रथम मॅकरोनीच घ्या. ती लागते कठीण दाण्याच्या गव्हाची, म्हणजे ड्युरम गव्हाची. माळव्यातल्या श्रोत्यांना हा गहू परका नाही; आपला कठिया गहू याच जातीचा. त्याचा रवा पाण्यात घट्ट मळायचा, आकार द्यायचा आणि सावकाश सुकवायचे, एवढीच ही विद्या आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात शेवया होतात, विदर्भात काडीभोवती कणीक गुंडाळून पोकळ सरगुंडे करतात. दक्षिण इटलीतल्या बायकाही लोखंडी सळईभोवती पीठ वळून अशाच नळ्या काढीत आल्या आहेत. कोणी कोणाकडून उचलले, या वादात मी पडत नाही. गहू आणि काडी जिथे असेल तिथे ही युक्ती सुचायचीच.

मार्को पोलोने ही वस्तू चीनमधून आणली, ही गोष्ट मात्र आता सोडून द्यावी. मार्को पोलो परतला 1295 साली. त्यापूर्वीच, 1279 मध्ये, जिनोआच्या एका नोटरीने केलेल्या मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेल्या पेटीची नोंद आहे. त्याच्याही आधी, 1154 साली, सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या आश्रयाने ग्रंथ लिहिणाऱ्या अल्-इद्रिसी या अरब भूगोलकाराने पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाचे वर्णन केले आहे. तेथे सुक्या शेवयांसारखा पदार्थ मुबलक होई आणि जहाजे भरभरून मुसलमानी व ख्रिस्ती मुलुखांत जाई. म्हणजे स्वयंपाकातला एक मोठा भाग घराबाहेर, दुसऱ्यांच्या हातांनी उरकून ठेवण्याची सुरुवात त्या काळीच झाली होती.

सतराव्या शतकात नेपल्समध्ये मळणीची आणि दाबाची यंत्रे आली, मॅकरोनी स्वस्त झाली आणि गरिबांचे अन्न बनली. रस्त्यावर मोठ्या कढईतून काढलेली मॅकरोनी, वर किसलेले चीज, आणि खाणारा मान वर करून हातानेच ती तोंडात सोडतो आहे, अशी चित्रे जुन्या प्रवाशांच्या संग्रहांत पुष्कळ सापडतात. टोमॅटो अजून या ताटात आलेला नव्हता. अमेरिकेतून आलेल्या या फळाची आणि शेवयांची गाठ पडल्याचे छापील पाककृतीत दिसते ते 1839 साली, नेपल्सच्या काव्हालकांती यांच्या पुस्तकात. श्रीमंतांचा थाट मात्र निराळा. त्यांच्याकडे भट्टीत भाजलेले ‘तिंबाल्लो’ होई: गोडसर पापुद्र्याच्या आवरणात मॅकरोनी, मांस, अंडी आणि मसाले. लाम्पेदूझा यांच्या 1958 साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘इल गात्तोपार्दो’ या कादंबरीत असे एक तिंबाल्लो येते. त्याला दिवसभराची मेहनत लागे आणि ती करायला नोकरांची फौज लागे.

भट्टीतल्या मॅकरोनीचे हे वैभव अमेरिकेत रुजले त्या कथेत थॉमस जेफरसनचे नाव नेहमी घेतले जाते. तो 1784 ते 1789 पॅरिसमध्ये आपल्या देशाचा वकील होता. मॅकरोनी काढण्याच्या यंत्राचे त्याने रेखाटन केले, नेपल्सहून तसा साचाही मागवला. परंतु जेफरसन स्वतः चुलीपाशी उभा राहत नव्हता. त्याने आपल्याबरोबर जेम्स हेमिंग्ज नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण नेला होता. तो जेफरसनचा गुलाम होता, आणि जेफरसनच्या दिवंगत पत्नीचा सावत्र भाऊही होता, कारण दोघांचा बाप एकच. पॅरिसच्या उत्तम आचाऱ्यांच्या हाताखाली हेमिंग्ज फ्रेंच पाककला शिकला. तेथे त्याला पगार मिळे. फ्रान्समध्ये न्यायालयात अर्ज करून स्वातंत्र्य मागण्याची वाटही त्याला मोकळी होती. तरी तो परतला. घरी आई होती, भावंडे होती. माणूस अशा वेळी काय तोलतो, हे बाहेरून सांगणे कठीण.

1793 साली जेफरसनने लेखी कबूल केले की हेमिंग्जने आपली विद्या दुसऱ्या कोणास शिकवली तर त्याला मुक्त करण्यात येईल. हेमिंग्जने आपला भाऊ पीटर याला शिकवले. म्हणजे एक भाऊ सुटला आणि त्याच चुलीपाशी दुसरा उभा राहिला. 1796 च्या फेब्रुवारीत मुक्तता झाली आणि त्याच महिन्यात हेमिंग्जने स्वयंपाकघराच्या साहित्याची यादी आपल्या हाताने लिहून दिली. ती आजही आहे. त्यात तांब्याची 19 पातेली आहेत आणि त्यांची 19 झाकणे. एका मेजवानीला किती चुली पेटत असतील आणि किती भांडी घासली जात असतील, याची कल्पना त्या आकड्यावरून येते.

1801 साली जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा त्याने हेमिंग्जला मुख्य आचारी म्हणून बोलावणे पाठवले, पण दुसऱ्यामार्फत. हेमिंग्जने उलट कळवले की वेतन व अटी आपण स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून पाठवाव्यात. तसे पत्र गेले नाही आणि तो राष्ट्राध्यक्षांच्या स्वयंपाकघरात गेला नाही. त्याच वर्षी बॉल्टिमोरमध्ये त्याने आपल्या हाताने जीवनाचा अंत केला. पुढच्या वर्षी, 1802 मध्ये, मनासे कटलर या काँग्रेस-सदस्याने जेफरसनच्या मेजवानीत मॅकरोनीचा ‘पाय’ खाल्ल्याची नोंद केली आहे. त्याला त्यातल्या नळ्या कांद्याच्या वाटल्या आणि पदार्थ मुळीच आवडला नाही!

हेमिंग्जने हा पदार्थ शोधून काढला असे कोणी म्हणू नये. इंग्लंडात एलिझाबेथ रॅफल्डच्या 1769 च्या पुस्तकात चीज घातलेली मॅकरोनी आहेच. पण व्हर्जिनियाच्या मेजावर ती आणणाऱ्या हातांत त्याचे हात होते. 1824 साली मेरी रँडॉल्फ या जेफरसनच्या नात्यातल्या बाईंनी तेथील पाककृती पुस्तकात छापल्या. दूध-पाण्यात मॅकरोनी मऊ उकडा, निथळवा, चीज-लोण्याचे थर द्या आणि भट्टीत ठेवा. कृती चार ओळींची आहे. लाकडे फोडणारी, भट्टीची आच हाताने अजमावणारी आणि पातेली घासणारी माणसे त्या ओळींत नाहीत. व्हर्जिनियातल्या अशा घरांत ती बहुधा गुलामच असत.

विसाव्या शतकात ही माणसे स्वयंपाकघरातून गेली आणि त्यांची कामे वस्तूंनी उचलली. 1913 साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग येथे काचकारखान्यातील लिटलटन या पदार्थशास्त्रज्ञाच्या पत्नीने बॅटरीच्या कापलेल्या काचपात्रात केक भाजून पाहिला. त्यातून 1915 मध्ये पायरेक्सची भांडी बाजारात आली. ज्यात शिजवायचे त्यातच वाढायचे, हे आता शक्य झाले. 1934 मध्ये डब्यातले मश्रूमचे दाट सूप आले आणि सॉस ढवळत बसण्याचे काम संपले. 1937 मध्ये, मंदीच्या काळात, क्राफ्ट कंपनीने मॅकरोनी आणि चीजची भुकटी एका खोक्यात घालून 19 सेंटला विकली. चार माणसांचे जेवण. मग महायुद्ध आले, मांस आणि चीज शिधापत्रिकेवर गेले, बायका कारखान्यांत कामाला लागल्या, आणि ते खोके घरोघर पोचले. त्याची चव हेमिंग्जला रुचली असती असे मला वाटत नाही.

उरली होती एकच पायरी, मॅकरोनी आधी उकडण्याची. तीही लोकांनी गाळली. यामागचे कारण सोपे आहे. उकडलेल्या मॅकरोनीचे पाणी आपण फेकतो तेव्हा तिचे पिठूळ सत्त्व फेकतो. तेच भांड्यात राहिले तर रस आपोआप दाट होतो. पाव किलो मॅकरोनीला 400 ग्रॅम कुस्करलेला टोमॅटो आणि सुमारे 400 मिलिलिटर पाणी पुरते. पाणी उकळतेच घालावे, नाही तर ओव्हनचा अर्धा वेळ ते तापण्यातच जातो. 200 अंश उष्णतेवर झाकून अर्धा तास, एकदा ढवळून वर चीज, आणि उघडे आणखी दहा मिनिटे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मंद गॅसवरही हे साधते. फक्त वरचा खरपूसपणा मिळत नाही. झाकण मात्र घट्ट हवे. वाफ निसटली तर मॅकरोनी वर कच्ची आणि तळाशी करपलेली निघते, आणि मग ते एक भांडे घासायला एकोणीस पातेल्यांचा वेळ लागतो.