जालन्याचा वायरमन

जालन्याचा इतिहास लिहावयास बसलेला माणूस बहुधा असईपासून सुरुवात करतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने मराठी फौजेचा जेथे मोड केला, ते असई आज जालना जिल्ह्यात आहे. तेव्हा त्याचे काही चुकते असे नाही. पुढे निजामी अंमल, १९४८ ची मुक्ती, १ मे १९८१ ची जिल्हानिर्मिती असे टप्पे घेत तो बाजारपेठेपाशी येतो आणि ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण सांगून थांबतो. पेढ्यांची आणि गिरण्यांच्या धन्यांची नावे येतात. गिरणी फिरती ठेवणाऱ्याचे नाव कोठेच येत नाही. मला येथे तशाच एका माणसाविषयी लिहावयाचे आहे. गावात त्याला वायरमन म्हणतात. सरकारी कागदांत तो ‘तारतंत्री’ नाहीतर ‘वीजतंत्री’ आहे. पण त्या नावाने हाक मारली तर तो स्वतःही मागे वळून पाहणार नाही!

१९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद ही मीटरगेज रेल्वे झाली आणि या भागातल्या कापसाला मुंबईची वाट सोपी झाली. सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस हे या व्यापाराचे अवयव. जुन्या जिनाची रचना पाहण्यासारखी असे. एका टोकाला वाफेचे किंवा तेलाचे इंजिन, त्याला जोडलेला लांबलचक लोखंडी दांडा, आणि त्या दांड्यावरच्या चाकांवरून चामडी पट्टे एकेका जिनापर्यंत गेलेले. इंजिन थांबले की सारा कारखाना थांबे. जाणकार माणूस एकच, इंजिनवाला. तो पगारी नोकर असे आणि त्याचा तोराही तसाच असे.

विजेच्या मोटरीने ही व्यवस्था मोडली. १८८८-८९ मध्ये टेस्ला आणि डोलिव्हो-डोब्रोवोल्स्की यांनी जी इंडक्शन मोटर सिद्ध केली, तिच्या पिंजरा जातीत ब्रश नाहीत, कड्या नाहीत, म्हणून चालताना ठिणगीही नाही. जेथे हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात तेथे हा गुण लाखमोलाचा. प्रत्येक यंत्राला आपली मोटर मिळाली, तसे प्रत्येक यंत्राला आपले दुखणेही मिळाले. इंजिनवाल्याची जागा गेली. तिच्या ठिकाणी दहा-वीस मोटरींचा वैद्य हवा झाला.

पण हा वैद्य पगारी ठेवणे परवडेना. कापसाचा हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतो आणि उन्हाळा लागताच आटोपतो. डाळमिलची घाई नवी तूर आल्यावर, म्हणजे माघ-फाल्गुनात. १९६४ साली जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि पुढे बियाण्यांचा धंदा येथे रुजला. त्याची लगबग पेरणीच्या आधी. एकेका धन्याला चार महिने माणूस हवा, आणि तोही मोटर बंद पडेल त्याच दिवशी. म्हणून एकच माणूस आठ-दहा कारखान्यांचा झाला. माझ्या मते स्वतंत्र वायरमनचा जन्म स्वातंत्र्याच्या आवडीतून झालेला नाही, पिकांच्या पंचांगातून झाला आहे. उन्हाळ्यात रिवायंडिंगला आलेल्या मोटरी, तांब्याच्या तारेची वेटोळी, भाजलेल्या व्हार्निशचा उग्र वास. आणि हंगामात रात्रीअपरात्री दाराची कडी.

वीजही मराठवाड्यात सावकाशच आली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. परळीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ चा. पुरवठा सुरू झाला तरी तो सारखा नसे, आणि तीन फेजांपैकी एक जाणे ही तर नेहमीचीच गोष्ट. एक फेज गेली म्हणजे चालती मोटर थांबत नाही. ती घुमू लागते, उरलेल्या दोन फेजांतून जास्त करंट ओढते आणि थोड्याच वेळात आतून जळते. हे टाळण्यासाठी स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. तो मोटर वाचवण्यासाठी वारंवार तुटतो, आणि बाहेर गाड्या उभ्या असतात. मग धनी म्हणतो, “ते काढून टाक, डायरेक्ट कर. आजचा माल निघू दे.”

या व्यवसायातला खरा पेच हाच. नाही म्हणावे तर उद्या दुसरा वायरमन येऊन डायरेक्ट करून जाणार. हो म्हणावे तर मोटर जळाल्यावर बोल याच्यावर, आणि कोणाला शॉक लागला तर चौकशीही याचीच. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ४५ वा नियम या बाबतीत स्पष्ट होता: काम परवानाधारक ठेकेदाराने, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या नजरेखाली आणि परमिट असलेल्या माणसाकडूनच करवावे. दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यास मुभा होती, मात्र क्षमतेत वा स्वरूपात फरक पडता कामा नये. म्हणजे फ्यूजमध्ये जाड तार घालणे हा नुसता गलथानपणा नव्हता, नियमभंग होता. २०१० साली नवे सुरक्षा विनियम आले. पण कितीतरी हात परमिटवाल्याच्या सहीआड राबत राहिले. उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षे काढलेल्याला परीक्षेचा कागद सुचत नाही, आणि कागद असलेल्याला जळक्या मोटरीचा वास ओळखता येत नाही. मी दोघांनाही दोष देणार नाही. एकाचे ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोचवण्याची सोय कोणी केली नाही, एवढेच म्हणेन.

पैशाचे म्हणाल तर ते दिवाळीला. खंडेनवमीला पक्कड-पेचकसाची पूजा होते, पाडव्याला हिशेब होतो, आणि हिशेबात ‘मागच्या वेळी लगेच जळाली होती’ म्हणून थोडी रक्कम कापली जाते. ती का जळाली, हे दोघांनाही माहीत असते.

पुढे जालना पोलादाचे झाले. भंगार वितळवून त्याच्या सळया करणारे कारखाने औद्योगिक वसाहतीत उभे राहिले आणि वायरमनपुढे अगदी नवे यंत्र आले. इंडक्शन भट्टीत ज्योत नसते. तांब्याच्या पोकळ वेटोळ्यातून पाणी खेळते, वेटोळ्यातला वीजप्रवाह भंगारातच प्रवाह उत्पन्न करतो आणि लोखंड १६०० अंशांच्या घरात जाऊन पातळ होते. तत्त्व फॅरेडेचे, १८३१ चे. येथे खर्चाचा मोठा भाग विजेचाच. १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर आले, तेव्हापासून पॉवर फॅक्टर घसरला की बिल थेट फुगते, आणि कपॅसिटर तपासणाऱ्याची पूर्वीपेक्षा लवकर आठवण होते.

जिनात काम करताना जुना वायरमन तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालून ठेवी, म्हणजे कोणी चुकून चालू करावयास नको. भट्टीपाशी एवढ्याने भागत नाही. स्विच पाडला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. तो घड्याळ पाहत उभा राहतो, मग अर्थ केलेली दांडी एकेका टोकाला टेकवतो, पुन्हा टेस्टर लावतो, आणि मागून विचारणा होते, “अजून किती वेळ?”