व्यवसायोपचार : भरविण्याच्या अडचणी व पालकशिक्षण

चोखणे, चावणे वा गिळणे या क्रिया ज्या मुलांना नीट साधत नाहीत, त्यांना सुरक्षितपणे कसे भरवावे हे घरच्या माणसांना शिकविणे, हे बालकांच्या व्यवसायोपचाराचे एक महत्त्वाचे अंग आहे. मेंदूचा पक्षाघात, मुदतपूर्व जन्म, दुभंगलेला टाळू इ. कारणांनी अशा अडचणी उद्‌भवतात. त्यांतून कुपोषण होते व अन्न श्वासमार्गात गेल्यास फुप्फुसदाह होऊन मूल दगावूही शकते.

भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले. आरंभी उपचार मुख्यतः रुग्णालयातच होत. परंतु मुलाला दिवसातून चार-पाच वेळा भरविणारी व्यक्ती घरातील असते, ही जाणीव पुढे बळावली. लंडनमध्ये बर्टा व कारेल बोबाथ यांनी शरीराची ठेवण आणि स्नायूंचा ताण यांवर आधारलेली पद्धती विकसित केली. तिला अनुसरून नॅन्सी फिनी यांनी १९६८ मध्ये खास पालकांसाठी ग्रंथ प्रसिद्ध केला. भरविण्याचे तंत्र हा त्यातील एक महत्त्वाचा विषय होता. मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी स्थापिलेल्या स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाने मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांचे शिक्षण व उपचार एकत्र आणले.

पालकांना शिकवावयाच्या गोष्टी साध्या असतात. मुलाला आडवे निजवून बोंडल्याने पातळ पेज ओतणे धोक्याचे असते. त्याला टेकू देऊन ताठ बसवावे, मान मागे झुकू देऊ नये, हनुवटी किंचित खाली ठेवावी. उथळ चमचा समोरून आणून जिभेवर हलकेच टेकवावा व ओठ मिटेपर्यंत थांबावे. पहिला घास गिळल्यावरच दुसरा द्यावा. ठसका, घशातील घरघर वा चेहऱ्याचा बदललेला रंग दिसताच भरविणे थांबवावे.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ, आदिवासी पट्ट्यात या शिक्षणाचे महत्त्व विशेष आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. विशेष उपचारांसाठी मात्र जिल्हा पातळीवरील केंद्रात जावे लागते. दोन भेटींमधील काळात मुलाची सुरक्षितता आई-आजीच्या हातीच असते. नाचणीची पेज किती दाट शिजवावी, हे त्यांच्याच चुलीपाशी दाखविल्यास हा उपचार खऱ्या अर्थाने मुलापर्यंत पोहोचतो.