आठ महिन्यांचे छत

मराठ्यांच्या राज्यकारभाराचे वर्णन करताना आपले इतिहासकार तोफखाना आणि पागा यांवर पानेच्या पाने खर्च करतात. परंतु ज्या कापडी छताखाली मोहिमांची खलबते झाली, तहांचे मसुदे सिद्ध झाले आणि जखमी शिपायांनी रात्री काढल्या, त्या छताची तजवीज ठेवणाऱ्या फरासखान्याकडे त्यांची दृष्टी क्वचितच वळते. वस्तुतः शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांत फरासखान्याची गणना होती, आणि पेशव्यांच्या फरासखान्याचे नाव पुण्याच्या बुधवार पेठेत आजही नांदत आहे.

या खात्याचा थाट मोगलाईत परमावधीस पोहोचला होता. अबुल फज्लने 'आइन-इ-अकबरी'त नोंदविल्याप्रमाणे बादशाही मुक्कामाचे सामान वाहण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. इराण, तुराण व हिंदुस्थान येथील १,००० फरास त्या कामावर तैनात असत, आणि 'बारगाह' नावाचा सर्वांत विशाल तंबू उभारण्यास त्या हजार हातांना आठवडा पुरत असे. पुढे औरंगजेबाच्या स्वारीबरोबर प्रवास केलेल्या बर्नियरने बाहेरून तांबड्या जाड कापडाचे आणि आतून मछलीपट्टणच्या चित्रित छिटाचे अस्तर लावलेले डेरे पाहिले. त्यांचे दोन संच असत, व बादशहा एका मुक्कामी असतानाच दुसरा संच पुढच्या मुक्कामी रवाना होई.

मराठ्यांची दृष्टी निराळी होती. कृष्णाजी अनंत सभासदाने लष्कराचा जो शिरस्ता सांगितला आहे, त्यात दसरा होताच फौजेने कूच करावे, आठ महिने परमुलखात काढावेत आणि पर्जन्यकाळी स्वदेशी छावणीस यावे, जेथे दाणागोटा, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे आधीच सिद्ध असत, असा स्पष्ट क्रम आहे. आठ महिने कापडाखाली आणि चार महिने गवताखाली, ही विभागणी केवळ युद्धनीतीची नव्हती. कापडाच्या स्वभावाचे ज्ञानही तिच्यात सामावले होते.

दोसुती कापड भिजले म्हणजे सूत फुगते, वीण आवळते आणि पाणी बाहेरच्या बाहेर ओघळते. मात्र ओल्या छताला आतून बोट टेकले, की नेमके तेथूनच पाझर सुरू होतो. म्हणून मातब्बर डेऱ्यांना मध्ये हवेचे अंतर राखून दुहेरी छत घालीत, ज्यायोगे पाऊस आणि ऊन दोहोंचाही पहिला मारा बाहेरच्या पडद्याने सोसावा. सुताचे वा तागाचे तणावेही भिजताच आखडतात व मेखा उपटून काढतात. त्यामुळे सर येताच तणावे सैल करणे आणि उघडीप होताच पुन्हा ताणणे, हे जाणत्या फरासाचे कर्तव्य ठरे. ओला तंबू गुंडाळून ठेवला तर थोड्याच दिवसांत बुरशी धरून कापड कुजते. सह्याद्रीच्या संततधारेत चार महिने तो वाळवायचा तरी कोठे? तेव्हा टिकाऊपणा हा कापडाच्या जाडीइतकाच त्याला मिळणाऱ्या विश्रांतीचाही गुण होय.

कालांतराने मराठी तळाचा साधेपणा सुटत गेला. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात पानिपतास निघालेल्या भाऊसाहेबांच्या फौजेतील रेशमी अस्तरांच्या, सोनेरी कळसांच्या उत्तुंग डेऱ्यांचे आणि रंगीबेरंगी कनातींचे वर्णन केले आहे. पानिपतचा पराभव डेऱ्यांमुळे झाला असे म्हणणे अविचाराचे होईल. तथापि राहुटी आणि पाल यांवर संतुष्ट असणाऱ्या चपळ स्वारांच्या फौजेवर केवढा भार चढला होता, याची ती निःसंशय खूण आहे.

राज्य गेले, परंतु तळाची शिस्त गेली नाही. शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात ज्ञानेश्वरमाउलींच्या पालखीसोहळ्याला लष्करी वळण दिले, आणि अंकलीच्या शितोळे सरकारांकडे अश्वांबरोबरच माउलींच्या तंबूचीही सेवा आली. ज्या ऋतूत मराठी फौजा कापडी छत मिटून घरी परतत, त्याच ऋतूत वारकऱ्यांच्या राहुट्या माळावर उभ्या राहतात. मात्र पहाटे त्या उतरतात आणि पुढच्या तळावर पुन्हा चढतात. तेव्हा फरासाच्या विद्येचा इतिहास ज्याला लिहावयाचा असेल, त्याने दप्तरांइतक्याच आस्थेने पालखीचे तळही अभ्यासावेत. कारण ही विद्या तेथे अजून कामात आहे, आणि कामात आहे तोवरच ती विचारून घेता येईल.