शिकागोची वेळ, यवतमाळचा काटा

दिवाणजीकाकांनी पावती उजेडाकडे धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अबे, आज बुधवार हाय. याच्यावर मंगळवारची तारीख कायले?"

हंगाम २००९ चा. यवतमाळजवळच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. भरली गाडी काट्यावर चढवायची, कापूस गंजीवर उतरवायचा, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर आणायची. दोन वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचं माप. ही वजाबाकी काका वर्षानुवर्षं कार्बन घातलेल्या पावतीबुकात करत आले होते. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि माझं पहिलं वेब अ‍ॅप्लिकेशन म्हणजे ही वजाबाकी, एवढंच होतं. शेतकऱ्याचं नाव, गाव, गाडी नंबर, भरलं वजन, रिकामं वजन. ते लिहिलं होतं जॅंगो या वेब-फ्रेमवर्कमध्ये. आम्ही मात्र त्याला बरेच दिवस 'डी-जॅंगो' म्हणायचो. त्यातला 'डी' मुका असतो हे सांगणारं जवळपास कुणी नव्हतं.

सकाळी दहाला फाडलेल्या पावतीवर आदल्या रात्रीचे साडेदहा छापून येत होते. दोन दिवस मी कोड उलटापालटा केला. तिसऱ्या दिवशी सेटिंगच्या फाइलीत एक ओळ दिसली: टाइम झोन, 'अमेरिका/शिकागो'. हिवाळ्यात शिकागो आपल्यामागे साडेअकरा तास असतं. त्या ओळीत 'एशिया/कोलकाता' लिहिलं आणि बुधवारचा बुधवार झाला. शिकागो तिथे आलं कुठून, याचा शोध पुढे घेतला, आणि तो थेट एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन पोचला.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. लोकवस्ती लाखाच्या आतबाहेर, म्हणजे आमच्या यवतमाळएवढीच. घड्याळ शिकागोचं. तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकाच्या वेब विभागात २००३ च्या सुमारास एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोघे काम करत. होलोवाटी पत्रकारितेचा पदवीधर, विलिसन इंग्लंडहून वर्षभरासाठी आलेला विद्यार्थी. संपादकाने सकाळी एखादं पान मागायचं आणि संध्याकाळी ते साइटवर दिसायला हवं, असा तिथला खाक्या. पीएचपीतला जुना पसारा आवरेना, म्हणून त्यांनी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्वतःपुरतं एक सामान बनवलं. जुलै २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं आणि गिटारवादक जॅंगो राइनहार्टचं नाव त्याला दिलं. होलोवाटी स्वतःही गिटार वाजवतो.

शिकाऊ माणसाला जॅंगो सोपं का गेलं, याचं उत्तर मला या कचेरीत सापडतं. वार्ताहराला प्रोग्रॅमिंग येत नाही, आणि यायची गरजही नाही. त्याला बातमी भरायला एक फॉर्म हवा असतो. जॅंगोत माहितीचे रकाने एकदा सांगितले की भरायचं, शोधायचं, दुरुस्त करायचं सगळं पान आपोआप उभं राहतं. त्याला 'अ‍ॅडमिन' म्हणतात. ते कॅन्ससच्या उपसंपादकासाठी बनलं होतं, पण जिनिंगच्या दिवाणजीचं काम वेगळं कुठे असतं? मी कोडच्या वीसेक ओळी लिहिल्या असतील. काकांना वाटलं, पोरानं महिनाभर डोळे फोडले.

एक खोड मात्र होती. अ‍ॅडमिन प्रत्येक नावाचं अनेकवचन इंग्रजी पद्धतीने करायचं. त्यामुळे यादीच्या डोक्यावर 'पावती' या मराठी शब्दाच्या शेपटीला इंग्रजी 'एस' लटकलेला. 'पावत्या' हे त्याला वेगळं शिकवावं लागलं. आणि कोडच्या फाइलीत मराठी अक्षर टाकायचं तर वर 'यूटीएफ-८'ची ओळ हवी, नाहीतर पायथन पहिल्याच काना-मात्रेला अडायचा.

इंटरनेट घरी नव्हतं. दत्त चौकाजवळच्या सायबर कॅफेतून जॅंगो पेनड्राइव्हवर आणलं. संगणकावर उबुंटू होतं, त्याची सीडी तेव्हा पोस्टाने घरपोच फुकट यायची आणि पायथन तिच्यातच असायचा. खरी चैन म्हणजे जॅंगोचं सगळं मार्गदर्शन त्याच गठ्ठ्यात साध्या मजकुराच्या फाइलींत होतं, एका छोट्या मतदान-अ‍ॅपच्या धड्यापासून. नेट नसताना, भारनियमनाच्या वेळा सांभाळून, मी ते वहीसारखं वाचलं. लिहिणाऱ्यांत पत्रकार होता हे वाचताना जाणवतं.

वर्तमानपत्राचं यवतमाळला अप्रूप नाही. बापूजी अण्यांनी १९१८ मध्ये 'लोकमत' साप्ताहिक याच गावातून काढलं. जवाहरलाल दर्डांनी १९७१ मध्ये त्याचं दैनिक केलं, ते नागपुरातून. आणि परक्या गावाचा शिक्का घेऊन आलेलं यंत्रही आम्हाला नवं नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर ही नॅरोगेज शकुंतला रेल्वे वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे, पुढे मँचेस्टरकडे पोचवण्यासाठीच टाकलेली. तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं, आणि ते १९९४ पर्यंत या गाडीला ओढत होतं. इंजिनाचा शिक्का लोखंडावर होता, जॅंगोचा सेटिंगच्या एका ओळीत.

काकांनी तो हंगाम संपेपर्यंत माझं अ‍ॅप वापरलं. पावतीबुक मात्र बंद केलं नाही. लाइन गेली की कार्बन पुढे ओढायचे आणि लाइन आल्यावर मला हाक मारायचे, "ये, आता तुह्या काम्पुटरले सांग." त्यांचंच बरोबर होतं, असं आज वाटतं. मार्चअखेर दोन्हींचा मेळ घातला तेव्हा फरक सात पावत्यांचा निघाला. सातही चुका माझ्या बाजूच्या होत्या.

आता नवं प्रोजेक्ट सुरू केलं की सेटिंगच्या फाइलीत 'यूटीसी', म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहून येतं. ती ओळ पुसून टाका, जॅंगोचं घड्याळ आजही शिकागोवर जातं.