कान, चुंबक आणि पट्टा

इ. स. १९१० मध्ये अमेरिकन आरमाराच्या बिनतारी विभागाकडे एक चमत्कारिक पत्र आले. निळ्या-गुलाबी कागदावर जांभळ्या शाईने लिहिलेले ते पत्र युटा राज्यातील नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाचे होते. आपण बनविलेले हेडफोन आरमाराने पारखून पाहावेत, अशी त्याची विनंती होती. असले पत्र एखाद्या अधिकाऱ्याने टोपलीत टाकले असते, तरी त्याला कोणी दोष दिला नसता. विभागप्रमुख हेपबर्न यांनी मात्र हेडफोन तपासून पाहिले, आणि प्रचलित साधनांपेक्षा ते कितीतरी संवेदनशील ठरले.

या गुणाचे मोल समजण्यासाठी तो काळ ध्यानी घेतला पाहिजे. क्षीण विद्युल्लहरी वाढविणारी निर्वात नलिका तेव्हा व्यवहारात आलेली नव्हती. एरियलवर पडलेली अत्यल्प ऊर्जा स्फटिकातून थेट कानाशी येई. हेडफोन मंद असला, की दूरच्या जहाजाची हाक विरून गेलीच म्हणून समजावे. साध्या हेडफोनमध्ये चुंबक लोखंडी पडद्याला सतत ओढून धरीत असे, त्यामुळे पडदा ताणलेलाच राही. बाल्डविनने चुंबकाच्या ध्रुवांमध्ये लोखंडाची एक लहान पट्टी तोलून धरली व बारीक काडीने ती अभ्रकाच्या पडद्याशी जोडली. दोन्ही बाजूंची ओढ सारखी असल्याने वेटोळ्यातून गेलेला नाममात्र प्रवाहही पट्टीला हलवू शके.

त्या काळी आवाज मोजण्याची एक रीत होती. हेडफोनला समांतर विरोध जोडून तो कमी कमी करीत जावयाचा, आणि संदेश जेमतेम ऐकू येईनासा झाला, की तो आकडा टिपावयाचा. परंतु त्यात चालकाचा कान व खोलीतील गलबलाही मोजला जाई. परीक्षा यंत्राची की माणसाची, हा प्रश्न उरतच असे.

आणखी एक परीक्षा कोणत्याही मापाने होणारी नव्हती. नवी वहाण कोठे चावते, हे चार कोस चालल्यावाचून कळत नाही, हेडफोनचेही तसेच. आरमाराची तक्रार आली ती आवाजाविषयी नव्हे, डोक्यावरच्या पट्ट्याविषयी. तासन् तास पहारा करणाऱ्याला तो जाचे. शिवाय वाटी कानावर नीट टेकली नाही, तर फटीतून ध्वनी निसटतो आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. म्हणजे उत्तम यंत्रही निकामीच. बाल्डविनने चामड्याने मढविलेल्या, मागेपुढे सरकणाऱ्या दोन तारांचा पट्टा तयार केला. त्याचे पेटंट घ्यावे, असे आरमाराने सुचविले. इतक्या क्षुल्लक गोष्टीचे कसले पेटंट, असे त्याला वाटले!

त्याच्याकडून मागणी दहा-दहा नगांचीच करावी लागे, कारण त्याचा कारखाना म्हणजे घरचे स्वयंपाकघर. पुढे सॉल्ट लेक शहराजवळ खरा कारखाना उभा राहिला, रेडिओच्या लाटेवर चढला, आणि १९२४ साली त्याचे दिवाळे निघाले. बाल्डविन १९६१ मध्ये वारला.

तोलून धरलेल्या पट्टीचे तत्त्व आजही श्रवणयंत्रांत आणि कानाच्या आत बसणाऱ्या काही तारयुक्त इयरफोनांत नांदते आहे. त्यांच्या डबीत लहान, मध्यम व मोठी अशी रबरी टोके ठेवलेली असतात. कोणते बसते, ते ज्याचे त्याने घालून पाहावयाचे असते.