सड्या फौजेचे सामान

'सडाफटिंग' हा शब्द आपण बिनलग्नाच्या माणसासाठी वापरतो. त्यातला 'सडा' म्हणजे मोकळा, ओझ्यावाचूनचा. पेशवेकालीन पत्रांत 'सडी फौज' भेटते, ती हीच. तोफा नाहीत, बाजारबुणगे नाहीत, नुसते घोडे आणि माणसे.

पाठीवर एक पिशवी टाकून उष्ण प्रदेशांत महिनोन् महिने हिंडणारी तरुण मंडळी कमी सामानाचे शास्त्र सांगू लागली की मला माळवा आठवतो. धार आणि देवास ही पवारांची दोन्ही संस्थाने अशा सड्या फौजांच्या जोरावर उभी राहिली.

स्वाराजवळ असायचे तरी काय? भाला, तलवार, ढाल. खोगिरावर घोंगडी, तीच अंथरूण आणि तीच पांघरूण. घोड्याचा तोबरा, दोरी, मेखा आणि थोडे दाणे. बाजीराव घोड्यावर बसल्या बसल्या कणसे चोळून खात असे, ही आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. खरी असो वा नसो, माळव्यातल्या मोगलांना हे वेगळे सैन्य आहे हे पटायला वेळ लागला नाही. नोव्हेंबर १७२८ मध्ये चिमाजी अप्पा नर्मदा ओलांडून वर आले, बरोबर उदाजी पवार होते. २९ तारखेला धारजवळच्या अमझेऱ्याला लढाई झाली आणि सुभेदार गिरधरबहादूर व दयाबहादूर दोघेही पडले. पुढे धार आनंदराव पवारांकडे गेले, देवास तुकोजी आणि जिवाजी या भावांत वाटले गेले.

मोहिमेची वेळही बघा. दसऱ्याला सीमोल्लंघन. पाऊस सरलेला, नद्या उतरलेल्या आणि शेतात पीक उभे! सड्या फौजेचे गुपित इथे आहे. तिचे ओझे नाहीसे होत नव्हते, ते वाटेवरच्या गावांवर पडत होते. घोड्याला चारा आणि माणसाला भाकर कुणीतरी देतच होते, राजीखुशीने किंवा भाल्याच्या धाकाने. आपल्या बखरींना त्या कुणब्याची फारशी आठवण नाही. आजच्या हलक्या पिशवीमागेही धुणारे, रांधणारे हात असतातच की!

मग पानिपत. सदाशिवरावभाऊंबरोबर इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफा होत्या, बायकामुले होती, यात्रेकरू होते. जड सामान आणि कबिले मागे ठेवून गनिमी काव्याने लढा, असे मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट सांगत होते. भाऊंनी ऐकले नाही. हा निव्वळ अहंकार होता असे मला वाटत नाही. तोफांची लढाई खरोखरच आली होती. पण रसद तुटली, छावणी उपाशी पडली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी धारचे यशवंतराव पवार तिथे पडले. घोंगडीवर उभ्या राहिलेल्या घराण्याचा कर्ता पुरुष त्या काळच्या सर्वांत अवजड मराठी फौजेत गेला.

देवासला सामान साठले ते निराळे. १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. १९५३ साली छापलेल्या 'द हिल ऑफ देवी'त त्यांनी राजवाड्यातल्या पियानोंचे वर्णन केले आहे. नवे कोरे पियानो, पण माळव्याच्या कोरड्या हवेने तडकलेले, पट्ट्या अडकलेल्या, एकही वाजत नाही. वाडाही अर्धवट बांधलेला.

त्याच तुकोजीरावांनी १९३३ च्या अखेरीस तीर्थयात्रेला म्हणून देवास सोडले आणि कर्जाचा डोंगर मागे ठेवून पाँडिचेरी गाठली. ते परत आले नाहीत. १९३७ मध्ये तिथेच वारले.