कॅमेऱ्यामागचे डोळे

व्हिएतनामच्या युद्धापूर्वीं रणांगणाची वार्ता बहुधा वाचली किंवा ऐकली जाई. त्या युद्धांत मात्र दूरचित्रवाणीमुळें ती अमेरिकेंतील घरोघरीं सायंकाळच्या बातम्यांत डोळ्यांना दिसूं लागली. पण तें युद्ध टिपणारे डोळे कोणाचे होते?

१९६५ च्या ऑगस्टमध्यें दा नांगजवळील काम ने या खेड्यांत अमेरिकन मरीन सैनिकांनीं झोपड्या पेटविल्या. एकानें तर सिगारेटचा लायटरच गवती छपरास लावला. सी. बी. एस. या संस्थेनें तें दृश्य दाखविलें आणि वार्ताहर मॉर्ले सेफर यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. चित्रण करणारे हा थुक कान व्हिएतनामी होते. सैनिकांच्या सूचना इंग्रजींत. त्या गांवकऱ्यांना कळणार कशा? सेफर यांनीं पुढें सांगितल्याप्रमाणें, भुयारांत लपलेल्या माणसांना त्यांच्या भाषेंत समजावून कान यांनींच बाहेर काढलें, म्हणून तीं वांचलीं.

१ फेब्रुवारी १९६८ रोजीं सायगावच्या रस्त्यावर पोलीसप्रमुख न्गुयेन न्गॉक लोआन यांनीं एका बंदिवानास गोळी घातली. एडी अ‍ॅडम्स यांच्या छायाचित्रास १९६९ मध्यें पुलित्झर पारितोषिक मिळालें. त्याच प्रसंगाचें चलचित्र एन. बी. सी. साठीं घेणारे व्हो सू हेही व्हिएतनामीच.

परक्या वार्ताहरांना युद्धानंतर परतावयास स्वदेश होता. या दोघांच्या कॅमेऱ्यापुढें जळत होता तो त्यांचा स्वतःचाच देश. या युद्धाचा इतिहास सांगतांना हीं दोन नांवें गाळतां येणार नाहींत.